वेगासमधला फुकटचा नाश्ता

नकुल मोहरीलला आयुष्यात कधी कुणाला धड 'नाही' म्हणता आलं नव्हतं, आणि आज सकाळी त्याला दीड तास फक्त तेवढंच म्हणायचं होतं. लास वेगासच्या हॉटेलात आरशासमोर दात घासता घासता तो त्याचीच प्रॅक्टिस करत होता. "नो. नो, थँक यू. सॉरी, नो."

"सॉरी काढ त्यातलं," बाथरूमच्या दारात उभी राहून स्वानंदी म्हणाली. "सॉरी म्हटलंस की ते आत घुसतात. आणि 'वी विल थिंक अबाउट इट' तर अजिबात म्हणायचं नाही. प्रॉमिस?"

"बघू," नकुल म्हणाला.

स्वानंदीनं कपाळाला हात लावला. या 'बघू'नं सध्या घर पोखरलं होतं. नकुलच्या धाकट्या बहिणीचं, रेणूचं, लग्न डिसेंबरात नागपूरला ठरलं होतं. ठरल्या दिवसापासून नकुलची आई रत्नाबाई विचारत होत्या, "येशील ना रे?" आणि चार वर्षं घरी न गेलेला हा मुलगा म्हणत होता, "बघू, आई."

तो काही निगरगट्ट नव्हता हो. अडचण होती पासपोर्टवरच्या शिक्क्याची. नोकरी बदलल्यावर त्याचे व्हिसाचे कागद अमेरिकेत बसूनच नवे झाले होते, पण पासपोर्टवरचा शिक्का जुनाच, मुदत संपलेला. एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये नवा शिक्का घ्यायचा आणि मगच परत यायचं. याला इकडे स्टॅम्पिंग म्हणतात, आणि नकुल राहतो त्या टेक्सासमधल्या अर्विंगची मराठी मंडळी या शब्दाला टरकून असतात. बहुतेकांना शिक्का चार दिवसांत मिळतो. पण नकुलच्या ऑफिसातला संग्राम भाच्याच्या मुंजीला म्हणून सोलापूरला गेला आणि 'तुमची फाइल तपासतोय' या एका वाक्यावर तीन-चार महिने तिथेच बसून राहिला. इकडे त्याची गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडली. ती गाडी सोडवायला नकुलच गेला होता, आणि तेव्हापासून त्यानं सुटकेस माळ्यावर टाकली होती.

तो जात नाही म्हणून आई-वडील आले होते. आता त्यांना पुढच्या आठवड्यात परतायचं होतं, आणि जाण्याआधी त्यांना काहीतरी दाखवावं म्हणून हा वेगासचा बेत. गुरुनाथरावांनी आधीच अट घातली होती. "येतो. पण एक नाणं लावणार नाही. तीस वर्षं लोकांना विमा विकला मी. लोकांना धोक्यापासून वाचवण्यात जन्म गेला, आता म्हातारपणी धोका विकत घेऊ काय?"

गुरुनाथराव नागपूरचे नावाजलेले विमा एजंट. धरमपेठेत ते चहा प्यायले नाहीत असं घर नव्हतं, आणि चहा पिऊन रिकाम्या हातानं बाहेर पडले असंही घर फारसं नव्हतं. रिटायर झाल्यापासून मात्र त्यांचं कुणी ऐकत नसे. अर्विंगला आल्यापासून तर "बाबा, तुम्ही बसा" हे एकच वाक्य त्यांच्या वाट्याला आलं होतं.

जुगार न खेळता वेगास किती बघण्यासारखं आहे, हे दोन दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं. हॉटेलच्या पुढ्यातलं तळं, त्यात गाण्यावर नाचणारी कारंजी. त्याच्या कठड्याशी उभं राहून मोहरील कुटुंबानं अर्विंगहून आणलेल्या दशम्या लसणाच्या चटणीबरोबर संपवल्या. एका हॉटेलात छतावर रंगवलेलं आभाळ होतं, दुसऱ्याच्या अंगणात वेळेवर फुटणारा ज्वालामुखी. सगळं फुकट. फक्त जेवायला जा, लिफ्टकडे जा, बाथरूमला जा, वाट जुगाराच्या त्या खडखडणाऱ्या मशीनमधूनच. गुरुनाथराव हात पाठीशी बांधून चालायचे, देवळात सोवळ्यातला माणूस चालतो तसे. एका मशीनपुढे बसलेल्या आजीबाईंना त्यांनी मराठीत सांगूनही टाकलं, "बाई, जा आता घरी." आजीबाई गोड हसल्या आणि पुन्हा बटण दाबायला लागल्या.

"यांच्याकडे घड्याळच नाही कुठे," रत्नाबाई म्हणाल्या. "जेवायची वेळ कशी कळते यांना?"

"आई, ते मुद्दामच नाही लावत. वेळ कळली तर लोक उठून जातील ना," स्वानंदी म्हणाली.

"मग घरचे कोणी बोलवायला येत नाहीत का?" रत्नाबाईंनी विचारलं.

घोळ झाला तो शोमुळे. पाण्यावरच्या कसरतींचा एक शो स्वानंदीला बघायचा होता. तिकिटाचा भाव ऐकून नकुल दोन पावलं मागे सरला, आणि नेमका मागे फुटपाथवर टेबल मांडून बसलेल्या एका हसऱ्या मुलीपाशी पोचला. त्याच शोची चार तिकिटं फुकट, ती म्हणाली. फक्त उद्या सकाळी आमच्या रिसॉर्टवर या, नाश्ता करा आणि दीड तास आमची माहिती ऐका. फुकट ते पौष्टिक, यावर आपल्या माणसाची श्रद्धा देवापेक्षा थोडी जास्तच. आणि समोरची मुलगी हसून विचारत असताना नाही कसं म्हणायचं? नकुलनं सही केली.

मग स्वानंदीनं न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहणाऱ्या आपल्या सुलेखामावशीला फोन लावला, तेव्हा प्रकरण काय आहे ते कळलं. याला टाइमशेअर म्हणतात. रिसॉर्टमधली एक खोली दर वर्षी एक आठवडा तुमची. त्याचे पैसे आता द्यायचे, आणि देखभालीचे दर वर्षी देत राहायचे, जन्मभर. "आम्ही गंमत म्हणून गेलो गं," मावशी रडवेल्या आवाजात म्हणाली. "आता दर वर्षी फ्लोरिडाला जावं लागतं. तुझ्या काकांना फ्लोरिडा सोसत नाही. तुम्ही आपलं नो म्हणा. काहीही झालं तरी नो."

तर असे हे चौघं सकाळी त्या रिसॉर्टच्या हॉलमध्ये शिरले. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक एजंट. एका भिंतीला पितळेची भली मोठी घंटा टांगलेली आणि तिच्या शेजारी बर्फात बुडवलेल्या बाटल्या. नाश्त्याला मफिन, मधे भोक असलेले बेगल नावाचे पाव, कलिंगड, खरबूज, कॉफी. गुरुनाथरावांनी बिनअंड्याचं काय आहे याची चौकशी केली, बेगल उचलला आणि विचारात पडले.

"हे लोक उलटं करून राहिले," ते रत्नाबाईंना म्हणाले. "आमच्या धंद्यात गिऱ्हाईक एजंटला चहा पाजायचं. चहा पाजला की अर्धी पॉलिसी झाली. इथे एजंटच गिऱ्हाइकाला खाऊ घालतो. आता यांचं मीठ खाल्ल्यावर नाही कसं म्हणणार माणूस?"

"बाबा, तुम्ही फक्त बसा हं," नकुल घाईघाईनं म्हणाला.

त्यांच्या टेबलावर आलेल्या बाईंचं नाव डेबी. पन्नाशीच्या, ओहायोत शाळेत शिकवायच्या, या कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि नकुलला विचारलं, "गेल्या वर्षी सुट्टीत कुठे कुठे गेलात?"

"न्यू जर्सी," नकुल म्हणाला.

"वा! कुठल्या हॉटेलात उतरलात?"

"हॉटेल नाही. स्वानंदीच्या मावशीकडे."

डेबीबाईंनी शून्य लिहिलं. "आणि त्याआधी?"

"मॉरिसव्हिल. नॉर्थ कॅरोलिना. तिथे माझा मित्र राजेश राहतो. त्याच्या सोफ्यावर."

आणखी एक शून्य. "बाहेर जेवायला किती खर्च होतो?"

"वी कॅरी," नकुल खरं ते बोलला. स्वानंदीनं पिशवीतला दशम्यांचा रिकामा डबा पायानं आत सरकवला.

"सुट्टीवर इतका खर्च करता, तर त्याच पैशांत हक्काची जागा घ्या" असं काहीतरी डेबीबाईंना पुढे म्हणायचं होतं. पण खर्चाच्या रकान्यात नुसती शून्यं बघून त्यांची गाडी तिथेच रुतली. त्यांनी आंघोळीच्या टबचे फोटो दाखवले. स्विमिंग पूल दाखवला. नकुल प्रत्येक फोटोला "व्हेरी नाइस" म्हणत होता आणि स्वानंदी टेबलाखालून त्याला चिमटे काढत होती. शेवटी डेबीबाईंनी विचारलं, "मग काय ठरलं तुमचं?"

नकुलनं श्वास घेतला, ओठांचा चंबू केला, आणि म्हणाला, "वी विल थिंक अबाउट इट."

तेवढ्यात त्यांचा मॅनेजर रिक तिथे आला. मोठं घड्याळ, मोठे दात. त्यानं शून्यांचा कागद पाहिला, डेबीबाईंना दोन पावलं बाजूला घेतलं आणि हसत हसतच काहीतरी बोलला. डेबीबाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. रिक जवळच्याच खांबाला टेकून बघत उभा राहिला.

गुरुनाथरावांनी हे सगळं पाहिलं. मॅनेजरनं हसत हसत काय सांगितलं असेल, ते त्यांना इंग्रजी न ऐकताही कळलं. तरुणपणी ऊन अंगावर घेत सायकलवरून हिंडताना त्यांनीही ते ऐकलं होतं. त्यांच्यानं राहवेना.

"मॅडम," ते म्हणाले, "रागावू नका, पण तुम्ही चुकून राहिल्या." ते इंग्रजीतच बोलत होते, पण त्यांचं इंग्रजी मराठीच्या मापानं शिवलेलं होतं, तेव्हा इथे मराठीतच दिलेलं बरं. "तुम्ही खोली विकता. टब विकता. टब तर याच्या घरी पण आहे."

"बाबा, प्लीज," नकुल म्हणाला.

"तू गप्प बस. मी यांना एवढंच दाखवतो की सांगायचं कसं. घ्यायचं नाहीच आपल्याला. मॅडम, तो कागद उलटा ठेवा. गिऱ्हाइकासमोर कागद धरला की ते आकडे बघतं, तुमच्याकडे बघत नाही." गुरुनाथरावांनी खुर्ची नकुलच्या समोर ओढली, सदऱ्याची कॉलर नीट केली, आणि बघता बघता त्यांचा सगळा नूरच पालटला. गेले काही महिने सोफ्याच्या कोपऱ्यात रिमोट शोधणारा म्हातारा गेला कुठे कोण जाणे. "नमस्कार साहेब. घरापासून लांब राहता?"

"बाबा, काय हे... हो."

"घरी कोण कोण असतं?"

"आई, बाबा, धाकटी बहीण."

"सगळे एका पंगतीला शेवटचे कधी बसला होता?"

नकुलनं मनातल्या मनात हिशोब केला. "रेणू सेकंड इयरला होती तेव्हा. चार वर्षं झाली."

"तेव्हा आई गच्चीवर जायची का हो, पापड वाळत घालायला?"

"जायची. दिवसातून दहादा."

"आणि आता?"

नकुलनं आईकडे पाहिलं. काल दिवसभर रत्नाबाई दिसेल त्या बाकावर टेकत होत्या आणि "मला काही नाही झालं, तुम्ही बघून या" म्हणत होत्या. तो म्हणाला, "आता गुडघा दुखतो तिचा."

पहिले प्रश्न इंग्रजीत होते. मराठी कधी सुरू झालं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. डेबीबाईंना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्या मान डोलवत होत्या.

"मग पुढची पंगत कधी, साहेब? तारीख सांगा," गुरुनाथराव म्हणाले. "बघू म्हणू नका. तुम्ही म्हणाल बघू. तिकडे वय थांबत नाही हो, बघू म्हणून. असा माणूस मी फार पाहिला. सगळं देतो घरच्यांना. पैसे पाठवतो, फोन करतो, फ्रिज घेऊन देतो. फक्त..."

हे वाक्य त्यांनी तीस वर्षांत अनेकांना ऐकवलं होतं. त्यापुढे 'फक्त स्वतःनंतरची सोय करायची राहून जाते' असं म्हणून ते पॉलिसीचा फॉर्म काढत. आज त्यांना पुढचं वाक्य सापडेना. "फक्त येत नाही," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.

स्वानंदी पेपर नॅपकिननं डोळे टिपत होती. तिच्या आईचाही गुडघा दुखत होता पुण्यात. तिला बघून डेबीबाईंचेही डोळे भरले. नकुल समोरच्या बेगलकडे एकटक बघत बसला होता, आणि मग त्यानं जी गोष्ट केली ती चौघांपैकी कुणाच्याही ध्यानीमनी नव्हती. त्यानं पाकीट काढलं, त्यातलं क्रेडिट कार्ड काढलं आणि डेबीबाईंना विचारलं, "व्हेअर डू आय साइन?"

खांबाजवळचा रिक ताडकन सरळ झाला. "मी कॉन्ट्रॅक्ट घेऊन येतो!" म्हणत तो पळत सुटला.

"अरे बावा, मी शिकवून राहिलो होतो तिला!" गुरुनाथराव खुर्चीतून उठलेच. "घेतोस काय? ठेव ते खिशात! जन्मभराचं लचांड आहे!"

"नको बाबा. बरोबर आहे तुमचं," नकुल म्हणाला. "दर वर्षी एक आठवडा. फिक्स. तुम्ही इकडे यायचं, रेणू आणि तिचा नवरा येतील. सगळे एकत्र."

गुरुनाथरावांनी सुनेकडे आशेनं पाहिलं. ती पुण्याची, हिशोबी, हिच्यावरच सगळी भिस्त. स्वानंदी नाक ओढत म्हणाली, "एकच तर आठवडा आहे, बाबा. घेऊ या ना." आता मात्र गुरुनाथरावांना घाम फुटला. विकलेला माल परत कसा घ्यायचा, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

या सगळ्या वेळात रत्नाबाई शांतपणे खरबुजाच्या फोडी खात होत्या. नवऱ्याची ही बोलणी त्यांना नवी नव्हती. नागपुरातली त्यांची सख्खी, चुलत, मावस, सगळी भावंडं या बोलण्यावर विमा उतरवून बसली होती. त्यांनी काटा खाली ठेवला.

"थांब रे जरा," त्या म्हणाल्या. "आठवडा कुठे आहे म्हणतोस?"

"इथे, आई. वेगासला."

"म्हणजे तुला भेटायला मी दर वर्षी दिवसभर विमानात बसायचं, आणि या खडखडाटात यायचं? आणि रेणूला व्हिसा तू देणार का? आठवडाच पाहिजे ना तुला? मग घरी ये. मागची खोली आहे. कूलर आहे. देखभालीचे पैसे मागणार नाही मी."

"आई, तुला माहीत आहे ना, स्टॅम्पिंगचं..."

"तोंडपाठ आहे मला. संग्राम अडकला, त्याची गाडी अडकली, सगळं पाठ आहे. चार वर्षं ऐकते आहे. मी एक शब्द बोलले का कधी? पोरगं घाबरतं, तर मी काय बोलू?" रत्नाबाईंचा आवाज जराही चढला नव्हता. "पण आत्ता तू काय करत होतास? न वाचता सही करायला निघाला होतास. जन्मभराची! तेव्हा नाही वाटली भीती? अनोळखी बाईच्या कागदावर सही करताना हात कापला नाही तुझा, आणि स्वतःच्या घरी यायचं म्हटलं की तुला शिक्का आठवतो. बहिणीच्या अंगाला हळद लागेल आणि भाऊ म्हणे शिक्क्यासाठी बसला. रडेल रे ती. आणि मी पण रडेन, आत्ताच सांगून ठेवते."

नकुलनं कार्ड टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. "येतो," तो म्हणाला. मग थोडं मोठ्यानं म्हणाला, "येतो आई. डिसेंबरला येतो. दोघंही येतो."

स्वानंदीनं त्याचा दंड घट्ट धरला. रत्नाबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि गुरुनाथरावांच्या अंगात पुन्हा एकदा एजंट संचारला.

"तोंडी नाही चालत," ते म्हणाले. "तोंडी हो म्हणणारे रात्री बदलतात. पहिला हप्ता लगेच पाहिजे. तिकीट काढ. आत्ता. इथे."

शनिवार होता, आणि त्या काळी शनिवार-रविवारी मोबाइलवर बोलणं फुकट असे. नकुलनं अर्विंगच्या ग्रोसरी दुकानात एका कोपऱ्यात बसून विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या संजीवभाईंना फोन लावला. संजीवभाईंकडे डिसेंबरच्या दोन जागा होत्या, पण ताबडतोब घेतल्या तरच. नकुल उभा राहून कार्डाचा एकेक आकडा मोठ्यानं सांगू लागला. दुकानात मिक्सर चालू असावा, कारण प्रत्येक आकडा त्याला ओरडून दोनदा सांगावा लागत होता.

नेमका त्याच वेळी रिक कॉन्ट्रॅक्ट घेऊन दारात आला. त्यानं काय पाहिलं? गिऱ्हाईक फोनवर कार्डाचा नंबर सांगतंय, बहुधा बँकेला. गिऱ्हाइकाची बायको रडतेय, आई रडतेय, एजंट रडतेय, म्हातारा पाठ थोपटतोय. इतका सुरेख सौदा त्या हॉलनं कित्येक दिवसांत पाहिला नसावा. रिकनं धाव घेतली आणि दोरी धरून ती पितळेची घंटा दणादणा वाजवली. "लेडीज अँड जेंटलमेन! आपल्या परिवारात स्वागत करा, टेक्सासचे मोहॅरिल!" एका बाटलीचं बूच उडालं आणि सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

"या बया!" रत्नाबाईंना गहिवरून आलं. "नकुल घरी येतोय म्हणून टाळ्या वाजवतायत बघा. किती चांगली माणसं!" त्या उठल्या, चारी दिशांना नमस्कार केला, आणि इतके महिने जपून ठेवलेलं सगळं इंग्रजी एकदम खर्च केलं. "डॉटर मॅरेज! डिसेंबर! नागपूर! ऑल कम!"

टाळ्या आणखी वाढल्या.

शेजारच्या टेबलावर नेब्रास्काचं एक वयस्कर जोडपं सकाळपासून आपल्या एजंटला दाद देत नव्हतं. त्यातल्या आजींनी आजोबांच्या हातावर हात ठेवला. "बघ ना, किती सुखात आहे ते कुटुंब," त्या म्हणाल्या. आजोबांनी मान हलवली आणि पेन मागितलं.

गुरुनाथरावांनी ते पाहिलं, आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. आपल्या घरच्या रडण्यावर दुसऱ्याचं घर बुडायला निघालं होतं. ते तरातरा तिकडे गेले. "सर, एक मिनिट. आम्ही काही घेतलं नाही इथे. आम्ही आमच्या घरी जायची तिकिटं काढली. तुम्ही हे सगळं नीट वाचा. बारीक अक्षर आधी वाचा. आणि आज सही करू नका. आज नाश्ता करा फक्त."

आजोबांनी पेन खाली ठेवलं. रिक मोहरिलांच्या टेबलाशी पोचला होता. डेबीबाईंनी त्याला दोन वाक्यांत खरं काय ते सांगितलं. सांगताना त्यांना हसू आवरेना. रिकचे मोठे दात दिसेनासे झाले. पण घंटा तर वाजून गेली होती आणि अख्खा हॉल अजून या कुटुंबाकडे कौतुकानं बघत होता. आता यांना हाकलावं कसं? त्यानं हसू परत चेहऱ्यावर ओढलं, स्वतः जाऊन शोची चार तिकिटं आणली, नकुलच्या हातात कोंबली, ती उघडलेली बाटली गुरुनाथरावांच्या काखेत दिली आणि चौघांना मागच्या दारानं बाहेर काढलं. डेबीबाई दारापर्यंत आल्या. रत्नाबाईंनी त्यांना जवळ घेतलं आणि पर्समधलं सुपारीचं पाकीट त्यांच्या मुठीत दाबलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. गुरुनाथरावांनी ती बाटली, कुणी ओळखीचं बघत नाही याची खात्री करून, कचऱ्याच्या डब्याशेजारी अदबीनं ठेवली. चौघं सिग्नलपाशी येऊन थांबले. रस्त्याच्या कडेच्या झाडाची सावली ती काय, त्यात रत्नाबाईंना उभं केलं.

डोक्यातली घंटा शांत झाली तसा नकुलला पुन्हा शिक्का आठवला. तिकीट काढलं होतं. पैसे गेले होते. आता मागे फिरायला वाट नव्हती.

"आई," तो म्हणाला, "मी येतोच आहे. नक्की येतो. पण एक सांग, तिकडे गेल्यावर त्यांनी नाही दिला व्हिसा, तर?"

गुरुनाथराव गंभीर झाले. स्वानंदीनंही मान वळवली. घराचा करार, गाडीचे हप्ते, दोघांच्या नोकऱ्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार.

रत्नाबाईंनी मात्र क्षणभरही विचार केला नाही. हे उत्तर त्यांनी कधीचंच तयार ठेवलेलं दिसत होतं, आणि त्या दोन दिवसांत वेगासमध्ये इतका निर्धास्त चेहरा नकुलनं दुसरा पाहिला नव्हता.

"तर काय," त्या म्हणाल्या, "राहशील की मग. मी कुठे नाही म्हणते?"

आणि सिग्नल सुटला तशी सुनेचा हात धरून त्या रस्ता ओलांडू लागल्या.